यूएआरटी, इंटरप्ट आणि रिंग बफर : मायक्रोकंट्रोलरमधील सिरीयल संवादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे एटीमेगा३२८पी हा ८-बिट मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आर्डुइनो उनो बोर्डावरची चिप, समोर ठेवून लिहिली आहेत. तिचा क्लॉक १६ मेगाहर्ट्झचा आणि रॅम २०४८ बाइटची आहे असे धरले आहे. इतर चिपमध्ये रजिस्टरांची नावे बदलतात, पण वेळेचा हिशेब तसाच करावा लागतो, आणि या विषयातल्या बहुतेक अडचणी हा हिशेब न केल्यामुळेच उद्भवतात.

दोन चिपांमध्ये क्लॉकची तार नसताना घेणाऱ्याला बिट कुठे सुरू होतो हे कसे कळते?

काहीही पाठवले जात नसते तेव्हा तार उच्च पातळीवर असते. पाठवणारा ती एका बिटच्या काळापुरती खाली ओढतो, यालाच स्टार्ट बिट म्हणतात. त्यानंतर आठ डेटा बिट येतात, त्यांत सर्वांत कमी किमतीचा बिट आधी असतो, आणि शेवटी तार पुन्हा उच्च पातळीवर नेणारा स्टॉप बिट येतो. घेणारा यूएआरटी, म्हणजे चिपमधला बाइट एकेक बिट करून पाठवणारा व घेणारा भाग, एका बिटच्या काळात तारेचे १६ नमुने घेतो. तार खाली गेलेली दिसली की तो तेथून मोजणी सुरू करतो आणि प्रत्येक बिटच्या मध्यावरचे आठवे, नववे व दहावे असे तीन नमुने पाहून बहुमताने शून्य की एक हे ठरवतो. म्हणजे दोन्ही बाजूंची घड्याळे कायम जुळलेली असण्याची गरज नसते; ती प्रत्येक बाइटच्या आरंभी नव्याने जुळतात आणि दहा बिट संपेपर्यंत फारशी सरकली नाहीत म्हणजे पुरते. ‘असिंक्रोनस’ या विशेषणाचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे.

९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० अक्षरे का?

नाही. येथे बॉड म्हणजे सेकंदाला जाणारे बिट. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट जातात. एका बाइटला सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात १६ मेगाहर्ट्झची चिप क्लॉकची १६,६६७ आवर्तने पूर्ण करते. १,१५,२०० बॉडला हेच आकडे सेकंदाला ११,५२० बाइट, प्रत्येक बाइटला ८६.८ मायक्रोसेकंद आणि १,३८९ आवर्तने असे होतात. हे आकडे हाताशी ठेवावेत, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ते लागणार आहेत.

दोन्हीकडे एकच वेग ठेवला तरी कधीकधी निरर्थक अक्षरे का उमटतात?

प्रोग्रॅममध्ये लिहिलेला वेग आणि चिपने प्रत्यक्षात साधलेला वेग यांत फरक असू शकतो. यूएआरटी आपला वेग मुख्य क्लॉकला पूर्णांकाने भागून मिळवतो. १६ मेगाहर्ट्झवरून ९६०० साधताना चूक केवळ ०.२ टक्के राहते, पण १,१५,२०० साठी नेहमीच्या पद्धतीत भाजक बरोबर बसत नाही आणि चूक उणे ३.५ टक्क्यांपर्यंत जाते. दुप्पट वेगाची पद्धत वापरल्यास ती अधिक २.१ टक्के होते. आठ डेटा बिट आणि पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) नाही अशा रचनेसाठी नेहमीच्या पद्धतीत घेणाऱ्याच्या बाजूची चूक दोन टक्क्यांच्या आत ठेवावी असे चिपची माहितीपुस्तिका सुचवते, आणि दुप्पट वेगाच्या पद्धतीत ही मर्यादा दीड टक्क्यावर येते.

असे असूनही उनो बोर्ड संगणकाशी १,१५,२०० वर सुरळीत बोलतो. याचे कारण असे की बोर्डावर यूएसबीचे काम पाहणारी एटीमेगा१६यू२ ही चिपही १६ मेगाहर्ट्झवर चालते व तिच्याही वेगात तेवढीच चूक असते, त्यामुळे दोघींमधला फरक जवळजवळ शून्य राहतो. तोच प्रोग्रॅम अचूक १,१५,२०० वर बोलणाऱ्या एखाद्या मॉड्यूलशी जोडला की अडचण दिसू लागते. सिरीयल संवाद हेच ज्या उपकरणाचे मुख्य काम आहे, तेथे १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल याच कारणासाठी निवडतात; त्याला १६ ने व नंतर १,१५,२०० ने भागले की नेमके ८ उरतात आणि चूक राहतच नाही. क्रिस्टल न लावता चिपमधल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण कारखान्यातून येताना त्याची अचूकता दहा टक्क्यांच्या मर्यादेतच सांगितलेली असते.

बफर नसेल तर नेमके काय बिघडते?

बफर म्हणजे बाइट तात्पुरते साठवण्याची रॅममधली जागा. ती नसेल तर पाठवण्याच्या बाजूने वेळ वाया जातो. ४० अक्षरांची ओळ ९६०० बॉडने पाठवायला जवळपास ४२ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक अक्षरानंतर ‘रजिस्टर रिकामे झाले का’ असे विचारत थांबणारा प्रोग्रॅम या ४२ मिलिसेकंदांत सेन्सर वाचत नाही, बटण पाहत नाही आणि मोटरीकडेही लक्ष देत नाही.

घेण्याच्या बाजूने याहून गंभीर गोष्ट घडते, ती म्हणजे माहिती नाहीशी होते. समोरचे उपकरण आपल्या सवडीने बोलत नाही. या चिपच्या यूएआरटीमध्ये आलेले दोन बाइट धरून ठेवायला जागा असते आणि तिसरा बाइट बिट एकेक करून जमवणाऱ्या शिफ्ट रजिस्टरमध्ये थांबू शकतो. तेवढ्यात कोणी पहिला बाइट उचलला नाही आणि चौथ्याचा स्टार्ट बिट आला, की ओव्हररन होतो, म्हणजे बाइट हरवतो. म्हणजे पहिला बाइट पूर्ण झाल्यापासून प्रोग्रॅमच्या हातात सुमारे दोन बाइटांचा अवधी असतो : ९६०० ला दोन मिलिसेकंद, तर १,१५,२०० ला १७४ मायक्रोसेकंद. एखादा तापमान सेन्सर वाचणे किंवा पडद्यावर मजकूर काढणे याला इतक्यापेक्षा जास्त वेळ सहज लागतो.

इंटरप्ट आणि बफर मिळून हे काम कसे करतात?

बाइट पूर्ण आला की यूएआरटी इंटरप्ट देतो. प्रोसेसर हातातले काम तिथेच थांबवतो, एक छोटे रूटीन चालवतो, ते रूटीन बाइट उचलून रॅममधल्या रांगेत ठेवते आणि मुख्य प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. या सगळ्याला काही मायक्रोसेकंद लागतात. मुख्य प्रोग्रॅमला सवड मिळाली की तो यूएआरटीकडे न जाता रांगेकडे जातो आणि जमलेले बाइट एकेक करून घेतो.

पाठवताना हाच प्रवास उलट दिशेने होतो. मुख्य प्रोग्रॅम बाइट रांगेत टाकून लगेच मोकळा होतो, आणि ‘डेटा रजिस्टर रिकामे’ हा इंटरप्ट आला की रूटीन रांगेतला पुढचा बाइट यूएआरटीच्या हवाली करते. येथे एक गोष्ट नवख्यांच्या हातून हमखास सुटते. रांग संपल्यावर रूटीनने हा इंटरप्ट स्वतः बंद केला पाहिजे. रजिस्टर रिकामे आहे ही स्थिती टिकून राहत असल्यामुळे तो बंद न केल्यास पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि मुख्य प्रोग्रॅमला दोन इंटरप्टांच्या मध्ये जेमतेम एकच सूचना चालवता येते; बाहेरून पाहणाऱ्याला चिप गोठल्यासारखी दिसते. रांगेत नवा बाइट टाकणाऱ्या फंक्शनने तो पुन्हा सुरू करायचा असतो.

रिंग बफरच का वापरतात?

साध्या रांगेत पुढचा बाइट काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकवावे लागतील, आणि इतका वेळ इंटरप्ट रूटीनकडे नसतो. रिंग बफरमध्ये बाइट जागचे हलत नाहीत. हेड हा निर्देशांक पुढचा बाइट कुठे ठेवायचा ते सांगतो आणि टेल कुठून काढायचा ते सांगतो. दोघेही शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिल्या घरावर येतात.

हेड आणि टेल समान असले की बफर रिकामा आहे असे मानतात. पण बफर पूर्ण भरला तरी हे दोघे समानच होतील, म्हणून सहसा एक घर मुद्दाम मोकळे ठेवतात. आर्डुइनोच्या ६४ बाइटच्या बफरमध्ये प्रत्यक्षात ६३ बाइट मावतात ते यामुळेच. दुसरा मार्ग असा की निर्देशांक गुंडाळून न घेता अखंड वाढू द्यावेत, ८-बिट वजाबाकीने त्यांतले अंतर काढावे आणि घर शोधताना मात्र खालचे सहा बिट घ्यावेत. असे केल्यास ६४ ही घरे वापरता येतात. बफरचा आकार दोनचा घात ठेवण्याची प्रथा येथूनच आली आहे. एव्हीआर प्रोसेसरला भागाकाराची सूचनाच नाही, त्यामुळे ६० सारख्या आकाराने बाकी काढायची झाल्यास प्रत्येक बाइटमागे बरीच आवर्तने खर्ची पडतात, तर ६४ साठी एक ‘अँड’ क्रिया पुरते.

मुख्य प्रोग्रॅम आणि इंटरप्ट दोघेही एकाच बफरला हात लावतात. गोंधळ होत नाही का?

शिस्त पाळली तर होत नाही, आणि ही शिस्त साधी असली तरी तिच्यात सूट घेता येत नाही. घेण्याच्या बफरमध्ये हेड फक्त इंटरप्ट रूटीनने बदलावा आणि टेल फक्त मुख्य प्रोग्रॅमने बदलावा. पाठवण्याच्या बफरमध्ये नेमके उलट असावे. बाइट आधी घरात ठेवावा आणि मगच हेड पुढे करावा, म्हणजे अजून न लिहिलेले घर दुसऱ्या बाजूला कधीच दिसणार नाही. दोन्ही निर्देशांक ‘व्होलाटाइल’ म्हणून जाहीर करावेत; नाहीतर कंपायलर त्यांची जुनी किंमत रजिस्टरमध्येच धरून ठेवतो आणि बफर भरत असतानाही मुख्य प्रोग्रॅमला तो कायम रिकामा दिसतो.

बफर २५६ बाइटपेक्षा मोठा केला की आणखी एक धोका उभा राहतो. निर्देशांक १६-बिट होतो आणि ८-बिट प्रोसेसर तो दोन तुकड्यांत वाचतो. समजा हेड २५५ आहे. मुख्य प्रोग्रॅमने त्याचा खालचा तुकडा, म्हणजे २५५, वाचला आणि नेमक्या त्या क्षणी इंटरप्ट येऊन हेड २५६ झाला. आता वरचा तुकडा १ असा वाचला जातो आणि प्रोग्रॅमच्या हाती ५११ हा आकडा पडतो, जो हेडची किंमत कधीच नव्हता. अशी चूक आठवड्यातून एकदा प्रकट होते आणि तपासायला बसले की दिसत नाही. म्हणून १६-बिट निर्देशांक वाचताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करून लगेच पूर्वस्थितीत आणावेत. प्रोसेसर ३२-बिट असेल तर हा प्रश्न सुटतो, पण ईएसपी३२ सारख्या दोन गाभ्यांच्या चिपवर एका गाभ्याने लिहिलेले दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसेल याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

बफर मोठा केला की माहिती सुटण्याचे थांबेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. टाकी मोठी बांधली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. बफर सरासरी वेग वाढवत नाही. तो मुख्य प्रोग्रॅमला ठरावीक काळ दुसरीकडे रमण्याची मुभा देतो, इतकेच. ती मुभा मोजता येते. ६३ बाइट ९६०० ला सुमारे ६५ मिलिसेकंदांत भरतात आणि १,१५,२०० ला साडेपाच मिलिसेकंदांत. आपला मुख्य प्रोग्रॅम एका फेरीत जास्तीत जास्त किती वेळ दूर राहतो हे काढावे, त्याला सेकंदाच्या बाइटांनी गुणावे आणि थोडी मोकळीक ठेवून आकार ठरवावा.

निओ-६एम हे लोकप्रिय जीपीएस मॉड्यूल उदाहरण म्हणून घेऊ. ते ९६०० बॉडने दर सेकंदाला वाक्यांचा एक झोत पाठवते आणि मग पुढच्या सेकंदापर्यंत गप्प बसते. जीपीएसच्या वाक्यांची रचना ठरवणाऱ्या एनएमईए ०१८३ या मानकाप्रमाणे एक वाक्य ८२ अक्षरांपर्यंत लांब असू शकते, म्हणजे पूर्ण लांबीचे एक वाक्यही ६४ च्या बफरमध्ये मावत नाही. प्रोग्रॅममध्ये कुठेतरी एक सेकंदाचा डिले लिहिला असेल, तर त्या सेकंदात पहिले ६३ बाइट साठतात आणि बाकी सगळे वाया जाते. येथे बफर २५६ चा केला तर अर्धवट फायदा होतो. डिले काढून टाकला आणि मुख्य फेरी ५० मिलिसेकंदांच्या आत आणली, तर ६४ चा बफरही पुरतो. दुसरा उपाय मला कितीतरी चांगला वाटतो, कारण त्याने रॅमही वाचते आणि प्रोग्रॅमची घडणही सुधारते.

याउलट, माहिती सतत येत असेल आणि मुख्य प्रोग्रॅमला प्रत्येक बाइटवर खर्चावा लागणारा वेळ बाइट यायच्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर कोणताही बफर आज ना उद्या भरणारच. तेथे वेग कमी करावा, प्रक्रिया हलकी करावी किंवा समोरच्याला थांबायला सांगावे.

समोरच्याला थांबायला कसे सांगतात?

दोन रीती रूढ आहेत. हार्डवेअर रीतीत आरटीएस आणि सीटीएस या दोन जादा तारा लागतात. बफर भरत आला की घेणारा आपली तार बदलतो आणि पाठवणारा थांबतो. सॉफ्टवेअर रीतीत घेणारा ‘थांब’ या अर्थी १९ क्रमांकाचा आणि ‘पाठव’ या अर्थी १७ क्रमांकाचा बाइट पाठवतो. या बाइटांना अनुक्रमे एक्सऑफ आणि एक्सऑन म्हणतात. माहिती मजकूररूप असेल तेव्हाच ही रीत चालते, कारण द्विमान माहितीत हेच बाइट माहिती म्हणूनही येऊ शकतात. कोणतीही रीत वापरली तरी बफर पूर्ण भरेपर्यंत वाट पाहू नये. थांबण्याची खूण पोहोचेपर्यंत आणखी काही बाइट वाटेत असतात, त्यांच्यासाठी जागा राखावी लागते.

बफर पुरेसा मोठा आहे, तरीही रंगीत एलईडीची पट्टी लावल्यापासून बाइट गळतात. असे का?

डब्ल्यूएस२८१२ जातीच्या एलईडींना अतिशय काटेकोर वेळेत बिट द्यावे लागतात, म्हणून त्यांच्या प्रचलित लायब्ररी तेवढा काळ सर्व इंटरप्ट बंद ठेवतात. एका एलईडीला २४ बिट व ३० मायक्रोसेकंद लागतात. १०० एलईडींना ३ मिलिसेकंद. या काळात रॅममधला बफर कितीही मोठा असला तरी त्याच्यापर्यंत बाइट नेणारे रूटीनच चालत नाही, आणि सगळी भिस्त यूएआरटीमधल्या त्या दोन-तीन घरांवर राहते. १,१५,२०० ला ३ मिलिसेकंदांत ३४ बाइट येतात. त्यांतले तीन वाचतात.

म्हणून वेळेचा हिशेब दोन पातळ्यांवर करावा लागतो : मुख्य प्रोग्रॅम किती वेळ दूर राहतो याची मर्यादा रॅममधला बफर ठरवतो, आणि इंटरप्ट किती वेळ बंद राहतात याची मर्यादा चिपमधली जागा ठरवते. सॉफ्टवेअरने चालवलेला सिरीयलही प्रत्येक बाइटच्या वेळी इंटरप्ट अडवून ठेवतो, त्यामुळे तो हार्डवेअर सिरीयलच्या जोडीला वापरताना असाच त्रास होऊ शकतो.

बफर भरल्यावर येणाऱ्या बाइटचे काय करावे?

आर्डुइनोची लायब्ररी नवा बाइट टाकून देते आणि जुने जपते. आज्ञा स्वीकारणाऱ्या उपकरणासाठी ते योग्य आहे. ताजी स्थितीच महत्त्वाची असेल तर जुना टाकून नवा ठेवणे बरे, पण मग टेल इंटरप्ट रूटीनला हलवावा लागतो आणि वर सांगितलेली शिस्त मोडते, म्हणून तेथे अधिक सावध राहावे लागते. काहीही निवडले तरी टाकलेल्या बाइटांची मोजणी ठेवावी.

आर्डुइनोच्या ‘अव्हेलेबल’ या फंक्शनने बाइट आल्याचे सांगितले, पण संदेश अर्धाच मिळतो. चूक कोणाची?

सिरीयल तारेला संदेश ही कल्पनाच ठाऊक नसते. तिच्यावरून फक्त बाइट येतात. संदेश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आपण ठरवायचे असते. एनएमईए वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, ओळीच्या शेवटाने संपते आणि डॉलर ते तारका यांमधल्या सर्व अक्षरांची एक्सऑर बेरीज त्याच्या अखेरीस दिलेली असते, त्यामुळे मधला एखादा बाइट गळाल्यास ते लक्षात येते. मोडबस आरटीयू या औद्योगिक उपकरणांच्या संवादपद्धतीत साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता हीच संदेशाची सीमा असते.

मुख्य फेरीत जे बाइट आले असतील तेवढे घेऊन वेगळ्या ओळ-बफरमध्ये जोडत जावे, शेवटची खूण आली की संदेशाचा अर्थ लावावा, आणि लांबीची मर्यादा ओलांडली तर तो संदेश सोडून द्यावा. ‘रीड स्ट्रिंग’ प्रकारची तयार फंक्शने सोपी वाटतात, पण शेवटची खूण आली नाही तर ती पूर्वनियोजित एक सेकंद वाट पाहत बसतात, आणि मग बफर ठेवण्याचा हेतूच निष्फळ होतो.

‘फ्लश’ या फंक्शनने बफर पुसला जातो ना?

आर्डुइनो १.० आवृत्तीपूर्वी तो आलेले बाइट पुसत असे. २०११ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून पाठवणेही बफरमधून होऊ लागले आणि ‘फ्लश’चा अर्थ ‘पाठवायचे सगळे तारेवरून जाईपर्यंत थांब’ असा झाला. चिप झोपवण्यापूर्वी तो वापरावाच, नाहीतर क्लॉक थांबतो आणि शेवटची अक्षरे अर्ध्यातच तुटतात.

आरएस-४८५ वर, म्हणजे एकाच तारजोडीवरून आळीपाळीने पाठवण्या-घेण्याच्या पद्धतीत, हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. रांग रिकामी झाली, रजिस्टरही रिकामे झाले, तरी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून अजून बाहेर पडत असतो. त्या क्षणी तारेवर संकेत चढवणाऱ्या चालक चिपची दिशा बदलली तर तो बाइट कापला जातो. दिशा बदलण्यासाठी ‘पाठवणे पूर्ण’ हा वेगळा इंटरप्ट किंवा खूण वापरावी.

दोष शोधताना छापलेल्या शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. छापण्याचे फंक्शन परत आले याचा अर्थ मजकूर रांगेत पोहोचला, एवढाच असतो. त्यानंतर लगेच प्रोग्रॅम कोसळला किंवा वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकल्यास चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) चिप रीसेट केली तर रांगेतला मजकूर कायमचा जातो, आणि दोष प्रत्यक्षात आहे त्याच्या बराच अलीकडे असल्याचा भास होतो. अशा शोधात प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ करावा किंवा एखादी मोकळी पिन वरखाली करून लॉजिक अ‍ॅनालायझरवर पाहावे. इंटरप्ट रूटीनच्या आतून छापणे मात्र टाळावे, कारण तेथे इंटरप्ट बंद असतात आणि पाठवण्याचा बफर भरलेला असेल तर तो रिकामा होण्याची वाट तिथेच उभे राहून पाहावी लागते.

डीएमए असलेल्या चिपवर हे सगळे लागू आहे का?

डीएमए म्हणजे प्रोसेसरच्या मदतीशिवाय माहिती थेट रॅममध्ये नेणारे हार्डवेअर. तेथेही बरेचसे लागू आहे. एसटीएम३२ मालिकेत डीएमए प्रत्येक बाइट प्रोसेसरला न उठवता चक्राकार बफरमध्ये ठेवतो, आणि अर्धा बफर भरल्यावर किंवा पूर्ण भरल्यावर इंटरप्ट देतो; तार शांत झाल्याचा इंटरप्ट यूएआरटी देतो. आरपी२०४० च्या यूएआरटीमध्ये ३२ बाइटचा आणि ईएसपी३२ च्या यूएआरटीमध्ये १२८ बाइटचा हार्डवेअर फिफो (आधी आलेला बाइट आधी बाहेर काढणारी रांग) असतो, त्यामुळे इंटरप्टला उशीर झालेला चालतो. पण मुख्य प्रोग्रॅमने वेळेत वाचले नाही तर डीएमए न विचारता जुन्या बाइटांवर नवे लिहितो.

बाइट गळतात की नाही हे खात्रीने कसे ओळखावे?

तीन गोष्टी प्रोग्रॅममध्ये कायम ठेवाव्यात. पहिली म्हणजे ओव्हररन व फ्रेमच्या चुकांची (स्टॉप बिट जागेवर न मिळण्याची) मोजणी. या खुणा डेटा रजिस्टर वाचण्यापूर्वी स्थिती रजिस्टरमधून घ्याव्यात, कारण डेटा वाचल्यावर त्या पुढच्या बाइटच्या होतात. दुसरी म्हणजे बफर भरल्यामुळे टाकलेल्या बाइटांची मोजणी. तिसरी म्हणजे बफर आजवर जास्तीत जास्त किती भरला याचा आकडा, आणि प्रत्यक्ष कामात सर्वांत उपयोगी हाच ठरतो. हार्डवेअर ओव्हररन वाढत असेल तर इंटरप्ट कोण अडवतो ते शोधावे; टाकलेले बाइट वाढत असतील तर मुख्य फेरीतला सर्वांत लांब तुकडा शोधावा. पूर्ण भार देऊन काही तास चालवल्यावरही ६४ चा बफर २० च्या वर भरला नसेल, तर तो ३२ चा करून उरलेली रॅम दुसरीकडे वापरता येते. आणि तो ६० पर्यंत जाऊन आला असेल, तर आज एकही बाइट गळाला नसला तरी मुख्य फेरी किंवा बफर यांपैकी एकात बदल करावा.